पारायण, पायऱ्या आणि गुडघे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

तीन वर्षांपूर्वीचा दत्तजयंतीचा सप्ताह. चौथ्या दिवशी वाचन संपले आणि पाटावरून मला उठताच येईना. मुलाने काखेत हात घालून उभे केले. पारायण अपुरे राहिले, त्याची रुखरुख गुडघ्याच्या दुखण्याहून मोठी होती. त्यानंतर मी दोन चुका केल्या. चालणेच सोडले, सुकापुरातल्या सुकापुरात देवळापर्यंत जाणेही बंद. आणि कुणीतरी सांगितलेली वेदनाशामक गोळी रोज घेत राहिलो. पित्त वाढले, गुडघा तसाच.

शेवटी डॉक्टरांनी नीट समजावले. सभामंडपातून उठताना कळवळणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून ते इथे मांडतो.

मांडीचे आणि नडगीचे हाड जिथे मिळते, तिथे हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. वय, वजन, जुना मार यांमुळे ती झिजते. पण गुडघा सावरून धरतो तो मांडीचा पुढचा स्नायू. आपण बसून राहिलो की तोच दुबळा होतो आणि दुखणे वाढते. म्हणजे गुडघ्याला हवी ती बेताची हालचाल, कायमची सुट्टी नव्हे. वजन जास्त असेल तर १ किलो उतरले तरी चालताना गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

मला लागू पडले ते असे :

१. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी. ती गुडघ्याने दाबून ५ आकडे मोजावेत, मग सोडावे. असे १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. मी आकड्यांऐवजी नाम घेतो.

२. सपाट रस्त्यावर रोज थोडे चालावे. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिले, तर चालणे थोडे कमी करावे, सोडू नये.

३. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

४. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच. बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी तर नक्कीच.

५. गुडघा एकाएकी सुजला, लाल-गरम झाला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गिरनारला जाणाऱ्यांसाठी एक सांगणे. २०२० पासून रोपवे झाला, पण तो अंबाजीपर्यंतच. पुढे दत्तशिखरापर्यंत पायऱ्या आहेतच. तयारी दोन-तीन महिने आधीपासून करावी.

राहिले पारायण. खुर्चीवर बसून पोथी वाचली तर दोष लागेल का, हे विचारायला मी वर्षभर संकोचलो. आमचे गुरुजी हसून म्हणाले, "काका, चित्त पोथीत हवं, की गुडघ्यात?" गेल्या वर्षी खुर्ची घेतली, पोथी उंच चौरंगावर ठेवली, मधूनमधून बसल्या जागी पाय लांब केले. सातव्या दिवशी अवतरणिका वाचून झाली आणि आरतीला मी आपल्या पायांवर उभा होतो.

श्रीगुरुदेव दत्त!