दिल्लीत बारा केव्हा वाजतात?

फेब्रुवारी २०१९ मध्ये एका कामानिमित्त मी दिल्लीला गेलो होतो. काम शुक्रवारीच आटोपले. परतीचे तिकीट मात्र सोमवारचे होते. म्हणजे ९ आणि १० तारखेचे, शनिवार-रविवारचे दोन दिवस मोकळे मिळाले. सोबतीला कोणी नव्हते. राजधानीत वस्तुसंग्रहालये इतकी आहेत, की सगळी पाहू म्हटले तर आठवडाही पुरायचा नाही. शिवाय सगळेच पाहणाऱ्याच्या लक्षात फारसे काही राहत नाही. म्हणून मी ठरवले, की एकच प्रश्न बरोबर घ्यायचा आणि त्याचे उत्तर शोधत हिंडायचे. प्रश्न असा : एखादे माप 'बरोबर' आहे असे आपण केव्हा म्हणतो? पिशवीत वही, पेन्सिल, पट्टी आणि तीन मीटरची टेप घेतली. मनगटी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवून घेतले आणि निघालो.

दगडाचे घन

शनिवारी सकाळी जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. हडप्पा दालनात मोहेंजोदडोच्या नर्तिकेची सुप्रसिद्ध कांस्यमूर्ती पाहायला गर्दी होती. मूर्ती अवघी साडेदहा सेंटिमीटर उंच! पण मी अधिक वेळ थांबलो तो दगडी वजनांपुढे. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे, घासून गुळगुळीत केलेले ते लहानमोठे घन सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

या वजनांची चढण पाहण्यासारखी आहे. सर्वांत लहान वजन एक धरले, तर पुढची २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीने वाढत जातात. त्यांपैकी १६ पटीचे वजन सुमारे १३.७ ग्रॅम भरते. दुप्पटच का? वहीत मांडून पाहा. या सात वजनांपैकी प्रत्येकी एक जवळ असले, की १ पासून १२७ पर्यंतचे कोणतेही पूर्णांकी वजन तोलता येते. उदाहरणार्थ, ४५ हवे असेल तर ३२, ८, ४ आणि १ पारड्यात टाकले की झाले.

संग्रहालयातल्या वस्तूला हात लावायचा नसतो. मग काचेबाहेरून वजन कसे ताडून पाहणार? चर्टची घनता प्रत्येक घन सेंटिमीटरला सुमारे २.६ ग्रॅम असते. १३.७ ला २.६ ने भागले, की घनफळ ५.२७ घन सेंटिमीटर येते. त्याचे घनमूळ काढले, की कडा मिळते १.७४ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढा घन! आता वजन दुप्पट हवे असेल तर कडा किती वाढवावी लागेल? वर्गात हा प्रश्न विचारला, की पुष्कळ जण 'दुप्पट' असे उत्तर देतात. पण कडा दुप्पट केली तर वजन आठपट होते. वजन दुप्पट करायला कडा २ च्या घनमुळाने, म्हणजे सुमारे १.२६ पटीने वाढवावी लागते. म्हणजे ती २.१९ सेंटिमीटर होईल. साडेचार मिलिमीटरचा हा फरक दगड घासून साधणाऱ्या कारागिराचे कौतुक वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हडप्पा आणि लोथल यांच्यात सुमारे ९०० किलोमीटरचे अंतर आहे, तरी दोन्हीकडे वजनांची पद्धत एकच होती. १३.७ या आकड्यात निसर्गाने ठरवून दिलेले काहीच नाही. सगळ्यांनी तो मान्य केला, म्हणून तो 'बरोबर' ठरला. माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले.

रुळांमधले अंतर

दुपारी चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय गाठले. हे १९७७ मध्ये सुरू झाले. इथे इंजिने आणि डबे उघड्यावर, रुळांवर उभे आहेत. मुले इंजिनांपुढे छायाचित्रे काढून घेत होती आणि मी रुळांशी वाकून टेप धरली होती. लोक माझ्याकडे थोडे चमत्कारिक नजरेने पाहत होते, पण त्याला इलाज नाही.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. आपल्याकडे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली ती १६७६ मिलिमीटरच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या रुळांवर. पुढे १८७० च्या सुमारास खर्च वाचवण्यासाठी अरुंद रूळ टाकायचे ठरले. देशात मेट्रिक मापे आणण्याचा सरकारचा तेव्हा विचार होता, म्हणून हे अंतर नेमके एक मीटर ठेवले. मेट्रिक मापांचा बेत मागे पडला, पण रूळ राहिले. मीटर आपल्या रेल्वेत आला आणि कापडाच्या दुकानात यायला मात्र १९५६ चा कायदा व्हावा लागला! याशिवाय ७६२ आणि ६१० मिलिमीटरचे आणखी अरुंद मार्गही होते.

यांतले कोणतेही अंतर चूक नव्हते. प्रत्येक गाडी आपापल्या रुळांवर नीट धावत होती. अडचण येई ती दोन मापे भेटत तिथे. आमच्या बाजूच्या मिरज जंक्शनात एके काळी रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही रूळ होते. एका मापाच्या वाघिणीतला माल हमालांनी उतरवायचा आणि दुसऱ्या मापाच्या वाघिणीत भरायचा. वेळ, मजुरी आणि नासधूस यांत किती गेले असेल! सगळे मार्ग रुंद करण्याचा मोठा कार्यक्रम रेल्वेने १९९२ मध्ये हाती घेतला.

रेल्वेपुढे आणखी एक पेच होता. गावोगावची घड्याळे वेगवेगळी असतील तर गाड्यांचे वेळापत्रक लावायचे कसे? या प्रश्नाचा धागा धरूनच मी रविवारचे ठिकाण निवडले होते.

भिंतीवरचे ऊन

ते ठिकाण म्हणजे जंतरमंतर, एक उघड्यावरचे वस्तुसंग्रहालयच. जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांनी १७२४ मध्ये ही वेधशाळा बांधली. तिच्यातले सम्राट यंत्र म्हणजे प्रचंड सूर्यघड्याळ. मधोमध सुमारे २० मीटर उंचीची त्रिकोणी भिंत दक्षिणोत्तर उभी आहे. तिची तिरकी कड जमिनीशी दिल्लीच्या अक्षांशाएवढा, सुमारे २८ अंश ३७ मिनिटांचा कोन करते, म्हणजेच पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वर्तुळखंडाच्या आकाराचे दोन पंख आहेत. सकाळी सावली पश्चिमेच्या पंखावर पडते आणि दुपारनंतर पूर्वेच्या. पंखांची त्रिज्या सुमारे १५ मीटर आहे. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सावली मिनिटाला साडेसहा सेंटिमीटर चालते. ही चाल डोळ्यांना दिसते!

पंखांवरच्या खुणा झिजल्या आहेत, म्हणून मी सोपा उपाय केला. भिंत बरोबर दक्षिणोत्तर असल्याने मध्यान्हापूर्वी तिची पश्चिम बाजू सावलीत असणार आणि मध्यान्ह होताच तिथे ऊन येऊ लागणार. घड्याळात बारा वाजले. पश्चिम बाजू सावलीतच. सव्वाबारा झाले, तरी सावलीच. मागून मराठी शब्द कानी पडले. एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, "बघ, बारा कधीच वाजून गेले. यंत्र चुकतंय." शेवटी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास भिंतीला चाटून ऊन आले. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड पुसट असते. त्यामुळे मिनिट-दोन मिनिटांची अनिश्चितता धरायलाच हवी.

आता ही ३५ मिनिटे कुठून आली ते पाहू. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. जंतरमंतर सुमारे ७७.२ अंशांवर, म्हणजे ५.३ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून सुमारे २१ मिनिटे उशीर. उरली १४ मिनिटे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे खरा सूर्य वर्षभर घड्याळाप्रमाणे एकसारखा चालत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो सुमारे १४ मिनिटे मागे असतो. २१ आणि १४ मिळून ३५. यंत्र चुकत नव्हते आणि घड्याळही चुकत नव्हते. यंत्र दिल्लीचा सूर्य सांगत होते, घड्याळ साऱ्या देशाने मान्य केलेली वेळ सांगत होते.

ही मान्यताही सहज मिळाली नाही. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेला आपला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नव्हता.

माझी चूक

त्या गृहस्थांना हे गणित सांगायला मी वळलो आणि मलाच एक जुनी गोष्ट आठवली. २००३ च्या फेब्रुवारीत साताऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीने अंगणात काठी रोवून सावलीची निरीक्षणे घेतली होती. तक्त्यावर लिहिले होते : मध्यान्ह, १२ वाजून ४८ मिनिटे. मी म्हणालो, "मध्यान्ह म्हणजे बारा. निरीक्षण नीट घे." ती हळूच म्हणाली, "सर, तीन दिवस तेवढंच आलं." मी गुण कापले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

साताऱ्याचा रेखांश ७४ अंश. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून ८.५ अंश दूर, म्हणून ३४ मिनिटे. त्यांत फेब्रुवारीची १४ मिळवा. बरोबर १२ वाजून ४८ मिनिटे! त्या मुलीने मिनिटापर्यंत अचूक काम केले होते. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ मीही शाळेत शिकलो होतो, पण तिच्या तक्त्यासमोर मला ते आठवले नाही. चूक तिच्या काठीत आहे असे मी गृहीत धरले. आकडा अपेक्षेबाहेरचा आला तर आधी विचारायचे असते : हे कशाच्या तुलनेत चूक? ती मुलगी आज कुठे असेल ठाऊक नाही. पण तिच्यामुळे माझ्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मला मिळाले. माप बरोबर ठरते ते एका मान्य प्रमाणाशी ताडून. म्हणून ते प्रमाण कोणते, हे माहीत असल्याशिवाय कोणाच्याही मापाला चूक म्हणू नये.

आज आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्याच राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आण्विक घड्याळांवर राखली जाते. देशाचा प्रमाण किलोग्रॅम, ५७ क्रमांकाचा धातूचा ठोकळाही तिथेच आहे. माझ्या सहलीनंतर तीनच महिन्यांनी, २० मे २०१९ पासून, जगाचा किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्याऐवजी प्लँकच्या स्थिरांकावरून ठरू लागला. हडप्पाच्या दगडापासून सुरू झालेली वाट इथवर आली आहे.

करून पाहा

सपाट अंगणात सरळ काठी ओळंब्याने उभी करा. तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला बाहेरच्या बाजूने स्पर्श करते ती वेळ लिहा आणि दुपारी पुन्हा स्पर्श करते ती वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य हाच तुमच्या गावचा मध्यान्ह. आता ८२.५ मधून गावाचा रेखांश वजा करून ४ ने गुणा आणि उत्तर बारामध्ये मिळवा. मग सूर्याची दुरुस्ती करा : ११ फेब्रुवारीच्या सुमारास १४ मिनिटे मिळवा, जुलैअखेर साडेसहा मिळवा, मेच्या मध्यास पावणेचार वजा करा आणि नोव्हेंबरच्या आरंभी १६ वजा करा. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या दिवसांच्या आसपास दुरुस्ती जवळजवळ शून्य असते.

गणित आणि काठी यांचे जमले नाही, तर लगेच काठीला दोष देऊ नका. सलग तीन दिवस निरीक्षण घ्या आणि मग आपल्या शिक्षकांना दाखवा.