मौखिक कथन, ध्वनिमुद्रण आणि मराठीचा वर्ग

लोकसाहित्याच्या अध्यापनातील एक विसंगती आपण गृहीतच धरली आहे. मौखिकता हे लोकसाहित्याचे व्यवच्छेदक लक्षण म्हणून आपण शिकवतो. परंतु वर्गात विद्यार्थ्यांसमोर येते ती छापील संहिता. आज ध्वनिमुद्रणाची सोय असलेला मोबाईल बहुतेक विद्यार्थ्यांजवळ असतो आणि ध्वनिसंपादनाची विनामूल्य साधनेही उपलब्ध आहेत. त्यांच्या योगे ही विसंगती कितपत दूर होते, याचा विचार प्रस्तुत लेखात शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

या परिसराला त्याची एक पूर्वपीठिका आहे. साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांची ओवीसंकलने मोलाची असली तरी ती लेखनाश्रयी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले आणि २०१७पासून 'पारी' या संग्रहाने त्या क्रमाक्रमाने प्रकाशित केल्या. शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्या स्त्रियांचे आवाज त्यांत आहेत. छापील ओवी दोन ओळींत संपते. गाताना मात्र शब्दसमूहांची पुनरावृत्ती होते, 'बाई', 'सये' अशी संबोधने मध्ये येतात, एकीची ओळ दुसरी उचलते. छापताना गळते ते हेच. म्हणजे आपण ओवीचा आशय शिकवला, तिचे सादरीकरण शिकवले नाही.

हे ध्यानी घेऊन पदव्युत्तर वर्गात एक स्वाध्याय दिला. घरातील वा गावातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची तिच्या संमतीने एक आठवण वा कहाणी मुद्रित करावी. ती जशीच्या तशी उतरवून काढावी. आणि शेवटी तिच्यातील अंश निवडून, स्वतःच्या आवाजातील निवेदन जोडून तीन मिनिटांची ध्वनिकथा रचावी. निवेदकाचा स्वतःचा आवाज केंद्रस्थानी ठेवणारी डिजिटल कथनाची पद्धत १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियात आकारास आली. येथे त्या आवाजाशेजारी दुसरा, अधिक जुना आवाज ठेवला.

खरा प्रश्न लिप्यंतराच्या टप्प्यावर उभा राहिला. मुद्रणात आजी 'व्हता' म्हणते. वहीत 'होता' उतरले होते. 'म्या'चे 'मी' झाले होते, 'मंग' गळाले होते. विचारले असता एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, शुद्ध करून आणलंय." हा निष्काळजीपणा नव्हता, आजीची भाषा उणी आहे, हा शिक्षणाने दिलेला समज होता. मुद्रण पुन्हा ऐकवून वहीशी ताडून पाहिल्यावरच वर्गाला आपण काय पुसले ते उमगले. केवळ वही असती तर हा फरक कधीच उघड झाला नसता. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून येणाऱ्या कुटुंबांचा मुलूख. शिरूर घोडनदीच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवर. येथील वर्गात बोलींचे अनेक स्तर एकत्र बसतात. त्यांना प्रमाणभाषेच्या एकाच साच्यात ओतणे ही भाषाभ्यासाची हानी आहे.

तथापि साधन निर्दोष नाही. गोंगाट काढण्याची आणि विराम छाटण्याची सोय वापरून काहींनी कथा 'स्वच्छ' केली. त्यात गोठ्यातील घंटा गेली, ते एक वेळ सोसता येईल. पण ऐकणाऱ्याचा हुंकारही गेला. आपल्या कथनपरंपरेत हुंकार हा कथेचा घटक आहे. तो थांबला की सांगणारा थांबतो. म्हणजे वहीने जे शब्दांचे केले, तेच यंत्राने शांततेचे केले. वॉल्टर आँग यांनी १९८२मध्ये मांडलेली दुय्यम मौखिकतेची संकल्पना येथे उपयोगी पडते: यंत्रातून आलेला आवाज लेखनसंस्कृतीच्या सवयी घेऊनच येतो.

म्हणून तीन पथ्ये सुचवावीशी वाटतात. मूळ मुद्रण असंपादित जपावे. लिप्यंतरात उच्चार, विराम व हुंकार यांची नोंद असावी. आणि तयार कथा सांगणाऱ्या व्यक्तीला प्रथम ऐकवून, तिच्या होकारानंतरच वर्गात आणावी. माहेर-सासरचे बोलणे सर्वांसमोर यावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे. गुणदान ध्वनिकथेच्या सफाईवर न करता मुद्रण आणि लिप्यंतर यांच्यातील अंतराच्या विवेचनावर करावे. ध्वनिमुद्रण हे अध्यापनाचे शोभेचे साहित्य नव्हे, ती स्वतंत्र संहिता आहे, हे मान्य केले तरच मौखिकतेचे अध्यापन खऱ्या अर्थाने सुरू होईल.