वीस लिटर उसाचा रस आटवायचा, गॅसवर की विजेवर?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' हा धडा आहे. विशिष्ट उष्माधारकता, अप्रकट उष्मा हे शब्द मुलं पाठ करतात, पण ते कशाला लागतात हे विचारलं की गप्प बसतात. आपल्या सातारा-सांगलीकडच्या मुलांनी गुऱ्हाळ पाहिलेलं असतं. म्हणून त्यांना हाच प्रश्न द्या : घरी 20 लिटर रसाचा गूळ करायचा, तर गॅस घ्यायचा की इंडक्शन?

हिशेबासाठी रस पाण्यासारखाच धरा, वजन 20 किलो. 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला 20 × 4.2 × 75 म्हणजे 6,300 किलोज्यूल लागतात. एक युनिट वीज म्हणजे 3,600 किलोज्यूल. म्हणजे पावणेदोन युनिट. मुलं खूश होतात, 'एवढंच?' म्हणतात.

इथे थांबू नका. खरी गंमत पुढे आहे. उकळी फुटली म्हणजे गूळ झाला नाही. रसातलं पाणी घालवायचंय. 20 किलोतून चारेक किलो गूळ उरतो असं धरलं, तर 16 किलो पाण्याची वाफ करायची. प्रत्येक किलोला सुमारे 2,260 किलोज्यूल. गुणाकार मुलांनाच करू द्या : 36,160. उकळी आणायला लागली त्याच्या जवळपास सहापट! अप्रकट उष्मा म्हणजे काय, ते इथे पोरांच्या डोक्यात बसतं.

आता निवड करू. इंडक्शनची सुमारे 85 टक्के उष्णता भांड्यात जाते, म्हणजे एकूण 14 युनिट लागतील. शेगडी 2,000 वॉटची असेल तर सात तास! गॅसची ज्योत भांड्याच्या कडेनं बरीच उष्णता वाया घालवते. साधारण 60 टक्के कामी आली असं धरा. एक किलो गॅसमधून सुमारे 46,000 किलोज्यूल मिळतात, म्हणजे दीड किलोहून जास्त गॅस, 14.2 किलोच्या सिलिंडरचा दहावा भाग. रुपये किती, ते घरच्या बिलावरून काढायला सांगा. दर घरोघरी वेगळे असतात, उत्तरंही वेगळी येतील.

पाणी तापवायचा रॉड रसात घालू का, असं एखादा विचारेलच. रॉडची जवळजवळ सगळी उष्णता द्रवात जाते, हे खरं. पण रस दाट झाला की रॉडच्या तापलेल्या पृष्ठभागावर साखर जळून काळा थर धरते. परदेशात घरी बिअर करणाऱ्यांनाही गोड काढा उकळताना हीच अडचण येते. शिवाय शॉकचा धोका. हा प्रयोग घरी अजिबात नको, हे पालकांनी ठणकावून सांगावं. गॅस वापरायचा तर खिडक्या उघड्या हव्यात.

मग गुऱ्हाळवाला काय करतो? दोन्ही नाही. रस काढल्यावर उरलेलं चिपाड वाळवून तेच चुलवाणात घालतो. उसाचंच पाणी उसाच्याच जळणावर आटतं. काहील पसरट आणि उथळ का असते, गुळव्या रस सारखा ढवळत का राहतो, हे मुलांना विचारा. पहिल्याचं उत्तर वाफेत आहे, दुसऱ्याचं जळणाऱ्या साखरेत.

पुढच्या तासाला सांगलीची हळद घ्या. तीही शिजवतात, पण तिथे पाणी आटवायचं नसतं, कंद शिजले की झालं. आता पुष्कळ ठिकाणी वाफेच्या कुकरात शिजवतात. एक किलो वाफेचं पाणी होताना हळदीला किती उष्णता मिळते, ते मुलांना वहीत मांडू द्या.