निळी फुलं गुलाबी कशी झाली?

प्रश्न : मागच्या वर्षी महाबळेश्वरच्या एका नर्सरीतून निळ्या फुलांचं हायड्रेंजिया आणलं. घरी आल्यावर कुंडी बदलली, अंगणातली काळी माती भरली, बोअरचं पाणी घातलं. यंदा फुलं चक्क गुलाबी! नर्सरीवाल्याने फसवलं का? आणि हे झाड आता जमिनीत लावू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नर्सरीवाल्यावर आळ घेऊ नका. झाड तेच आहे, माती बदलली. या फुलांतलं रंगद्रव्य एकच असतं; त्याला ॲल्युमिनियम मिळालं तर ते निळं दिसतं, नाही तर गुलाबी. ॲल्युमिनियम तसं सगळ्याच मातीत असतं, पण मुळांना ते आम्ल मातीतच शोषता येतं. सामू ५.५च्या खाली असेल तर फुलं निळी, ६.५च्या वर गेला की गुलाबी. महाबळेश्वरची जांभ्याची माती धो धो पावसाने धुतली जाऊन आम्ल झालेली, तर तुमच्या काळ्या मातीत चुनखडी आणि बोअरच्या पाण्यात क्षार. पांढऱ्या जाती मात्र असा रंग पालटत नाहीत.

फुलांचा गुच्छ जवळून बघा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती निदलं आहेत. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेला बारीकसा मणी. म्हणूनच गुच्छ कित्येक आठवडे टिकतो.

आता जागा बदलण्याविषयी. पावसाने जोर धरला की एखादा ढगाळ दिवस निवडा. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी, पाणी न तुंबणारी जागा हवी. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीइतकीच. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटणार नाही. मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे बुंध्याशी खुरपं चालवू नका, पालापाचोळा पसरा. पानं दुपारी माना टाकतात, तेव्हा आधी मातीत बोट घालून बघा. ओल असेल तर संध्याकाळी ती आपोआप सावरतात. छाटणी फुलं ओसरताच उरका. पुढच्या बहराचे कळे जुन्या फांद्यांवरच धरतात. उशिरा कात्री लावलीत तर नुसती पानंच येतील.

निळाच रंग हवा असेल तर झाड कुंडीतच ठेवा. चुनखडी नसलेली माती भरा, साठवलेलं पावसाचं पाणी घाला आणि अधूनमधून चार लिटर पाण्यात चहाचा एक चमचा तुरटीची पूड विरघळवून द्या. जास्त नको, मुळं जळतात. गुलाबी चालत असेल तर खुशाल जमिनीत लावा.