कच्चे लायसन्स : ३० दिवसांचा कोर्स पुरा करा

दवाखान्यात दिवसातून दहा वेळा तरी माझ्या तोंडून एक वाक्य निघते, "बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका, कोर्स पुरा करा." तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, चौथ्या दिवशी रुग्ण उरलेल्या गोळ्या फडताळात टाकतो आणि पंधरा दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येतो. हे वाक्य परक्यांना सांगणारा मी, मागील वर्षी घरातल्याच एका मुलाला सांगायला विसरलो. त्याची हकिगत आज सांगणार आहे. विषय आहे मोटारसायकलच्या कच्च्या लायसन्सचा.

आरोग्याच्या सदरात लायसन्सचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते तर गावोगावी लसीकरण सुरू झाले असते. इथे लस म्हणजे शिस्तीने शिकणे, आणि त्या लसीचा पहिला डोस म्हणजे कच्चे लायसन्स.

किल्ली माझी होती

माझा भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहतो. अठरा पूर्ण होताच त्याने कच्चे लायसन्स काढले. मी त्याला रोज सकाळी मैदानावर नेत होतो. आठ-दहा दिवसांत गाडी त्याच्या हाताखाली आली. गिअर नीट पडू लागले, गाडी बंद पडेना. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला अजून नऊ दिवस होते.

त्या दिवशी सोमवार, बाजाराचा दिवस. दवाखान्यात गर्दी. भाचा दारातून म्हणाला, "मामा, गाडी नेऊ का? मित्राला एसटी स्टँडवर सोडून आत्ता येतो." मी मान वर न करता खिशातून किल्ली काढून दिली. "हेल्मेट घाल," एवढे म्हणालो. त्याने घातले. मित्रासाठी दुसरे हेल्मेट नव्हते.

स्टँडच्या अलीकडच्या वळणावर ट्रॉलीतून सांडलेली बारीक खडी पडली होती. समोरून रिक्षा आली. भाच्याने वळणातच पुढचा ब्रेक जोरात दाबला. चाक थांबले, खडीवरून घसरले आणि गाडी आडवी झाली. वेग तीसच्या वर नसावा. भाच्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. हेल्मेटला एक लांब ओरखडा पडला, डोक्याला काही झाले नाही. मागे बसलेला मुलगा डोक्यावर आपटला. त्याला माझ्याच दवाखान्यात आणले आणि तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. दोन दिवस तो बेशुद्ध होता. त्याचे वडील रुग्णालयाच्या जिन्यात मला भेटले. रागावले नाहीत. फक्त विचारले, "डॉक्टर, गाडी तुमचीच ना?"

मुलगा वाचला. आज तो कॉलेजला जातो. पण त्याला वास येत नाही. वासाच्या मज्जातंतूंचे अगदी नाजूक धागे नाकाच्या वरच्या हाडाच्या छिद्रांतून मेंदूकडे जातात. डोक्याला हिसका बसला की ते तुटू शकतात, आणि तुटले की पुष्कळदा जुळत नाहीत. त्याची आई सांगते, शेगडीवर दूध उतू जाऊन करपले तरी शेजारी बसलेल्या या मुलाला पत्ता लागत नाही.

नियम काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्याचे केंद्रीय नियम १९८९ चे. त्यांतील शिकाऊ चालकासंबंधीच्या गोष्टी प्रत्येक पालकाला पाठ असाव्यात.

१) गिअरच्या मोटारसायकलसाठी वय १८ पूर्ण हवे. १६ व्या वर्षी मिळणारे लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचे असते आणि त्यावर पालकाची संमती लागते. बिनगिअरची आहे म्हणून कोणतीही स्कूटर त्यात बसत नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या असतात.

२) कच्चे लायसन्स ६ महिने चालते. ते हातात आल्यापासून ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही.

३) शिकताना सोबत पक्के लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती हवी. तिच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवायचे नाही. मित्र नाही, धाकटी बहीण नाही, आजीही नाही.

४) गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर हवे. मुलांना या पाटीची लाज वाटते. पण ती पाटी मागच्या ट्रकवाल्याला सांगते, "दादा, जरा अंतर ठेवा."

५) परीक्षेत नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते.

६) मुलगा अल्पवयीन असेल आणि त्याच्याकडे त्या गाडीचे लायसन्स नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

माझा भाचा अल्पवयीन नव्हता. पण तिसरा नियम त्याने मोडला, आणि मोडायला किल्ली मी दिली.

३० दिवस कशासाठी?

मुले विचारतात, "आठव्या दिवशी गाडी येते, मग उरलेले बावीस दिवस कशाला?" याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे.

गाडी शिकताना सुरुवातीला प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. डाव्या हाताने क्लच, डाव्या पायाने गिअर, उजव्या हाताने रेस आणि पुढचा ब्रेक, उजव्या पायाने मागचा ब्रेक. एवढे सांभाळता सांभाळता रस्त्याकडे पाहायला मेंदूला फुरसत उरत नाही. रोजच्या सरावाने ही कामे हळूहळू लहान मेंदू आणि त्याच्या जोडीच्या केंद्रांकडे सोपवली जातात. मग हात आपोआप चालतात आणि लक्ष रस्त्यासाठी मोकळे राहते. हा बदल एका दिवसाच्या चार तासांच्या रपेटीने होत नाही. रोज थोडा सराव आणि रात्रीची पुरी झोप, या दोन्हींनी होतो.

आठव्या-दहाव्या दिवशी सरळ रस्त्यावरची गाडी जमलेली असते. अचानक आडवे येणारे कुत्रे, खडी, ओले शेण, उघडणारे रिक्षाचे दार, हे अजून अंगवळणी पडलेले नसते. भीती मात्र गेलेली असते. ताप उतरला आहे, जंतू अजून शरीरात आहेत, अशी ही अवस्था. माझा भाचा नेमका याच अवस्थेत होता.

थोडे गणित पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसणे, मेंदूने तो ओळखणे आणि हाताने ब्रेक दाबणे यात सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. मागे माणूस बसला की गाडीचा तोल बदलतो, वळणात ती वेगळी झुकते, आणि गप्पांत लक्ष विभागते ते निराळेच. एकट्याच्या वजनावर शिकलेल्या हातांना हे ओझे अनोळखी असते. डबलसीटची मनाई त्यासाठी आहे.

सरावाचे वेळापत्रक

भाच्याचे हाड जुळल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते वेळापत्रक देतो.

पहिला आठवडा : मोकळे मैदान, सकाळची वेळ, रोज अर्धा तास. उपाशीपोटी नको. गाडी हाताने ढकलून तिचे वजन ओळखावे. मग क्लच सावकाश सोडणे आणि पाय न टेकता हळू चालवणे.

दुसरा आठवडा : फक्त ब्रेक. मैदानात चुन्याची रेघ मारून ताशी २० च्या वेगाने येऊन त्या रेघेवर थांबणे. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा ब्रेक बोटांनी हळूहळू आवळत. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करण्याची सवय लावावी. खडी, वाळू किंवा चिखल असेल तर हँडल वळवलेले असताना पुढचा ब्रेक दाबू नये. हा धडा आमच्या घराला फार महाग पडला.

तिसरा आठवडा : आठचा आकडा. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचे तिथे हवी. त्यानंतर शिकवणाऱ्यासह कमी वर्दळीचा रस्ता.

चौथा आठवडा : उजवीकडे वळणे, हात दाखवणे, आरसा बघून शिवाय मान वळवून मागे पाहणे. बाजाराचा दिवस आणि रात्र टाळावी.

परीक्षेची तारीख लांबली तर चिडू नये. सहा महिने हातात आहेत. वाट पाहण्याचा प्रत्येक दिवस सरावात धरावा. परीक्षेच्या आदल्या रात्री नीट झोपावे आणि सकाळी खाऊन जावे. मन शांत राहावे म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नये. ती झोप आणते. सर्दीच्या अनेक गोळ्यांनीही गुंगी येते.

अर्जातील प्रश्न खरे लिहा

लायसन्सच्या अर्जासोबत प्रकृतीविषयी स्वतः भरायचा एक नमुना असतो. फिट किंवा अचानक चक्कर येते का? २५ मीटरवरून गाडीचा नंबर दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळा वाचता येतो का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो, तरुणांच्या शब्दावर मात्र विश्वास ठेवला जातो. घरच्यांनी "फिट येते ते लिहू नकोस" असे सांगून आपल्याच मुलाला संकटात लोटू नये. औषधाने फिट आटोक्यात येते, तिच्याविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे.

हेल्मेट आणि प्रथमोपचार

जगभरातील अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराचा अपघाती मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. आयएसआय शिक्क्याचेच घ्यावे, डोक्याला घट्ट बसावे, पट्टा लावलेला असावा. कोपरात अडकवलेले हेल्मेट फक्त कोपर वाचवते. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. एकदा आपटलेले हेल्मेट बदलावे.

अपघात दिसला तर १०८ वर फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, बसवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. उलटी होत असेल तर मान सरळ धरून सगळे अंग एका कुशीवर वळवा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आणि डोक्याला मार बसलेला माणूस उठून चालू लागला तरी त्याला तपासून घ्या. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा नाका-कानातून पाणी आल्यास लगेच रुग्णालयात न्या.

भाच्याने परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेस नापास झाला. आठ काढताना पाय टेकला. सात दिवसांनी पुन्हा बसला आणि पास झाला. त्याच्या मित्राला मेंदूतज्ज्ञांनी अजून वर्षभर गाडी चालवू नकोस असे सांगितले आहे. भाचा त्याला कॉलेजला मागे बसवून नेतो. आता घरात खुंटीवर दोन हेल्मेटे असतात, आणि किल्ली देताना मी मान वर करून आधी ती दोन्ही हेल्मेटे कुठे आहेत ते पाहतो.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील पाणी आणि कावीळ)