भिंतीत दडलेला खांब कसा शोधाल?

तुळजापूर तालुक्यातील अणदूर-नळदुर्ग भागात माळवदाची जुनी घरे तुम्ही पाहिली असतील. दगडमातीच्या दोन फूट किंवा त्याहूनही जाड भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या व फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्यांची रचना असते. या छताचे ओझे कोण पेलते? आपण चटकन म्हणतो, भिंत. परंतु अनेक घरांत तुळईच्या टोकाखाली लाकडी खांब असतो. तो भिंतीत चिणून वरून लिंपलेला असला, तर दिसत नाही.

हे ओझे किती असते? समजा, मातीचा थर ५० सेंटिमीटर जाड आहे. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १६०० किलोग्रॅम धरले, तर छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८०० किलोग्रॅम माती झाली. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद खोलीवर ७२०० किलोग्रॅम! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यांपैकी बहुतेक जण दगडमातीच्या घरांखाली गाडले गेले. काही ठिकाणी मात्र भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणून कोनाडा किंवा खिडकी पाडण्यापूर्वी खांब कोठे आहे आणि तो शाबूत आहे का, हे जाणणे महत्त्वाचे ठरते.

१. आधी छत वाचा. दोन तुळयांमधील जागेला खण म्हणतात. खण सामान्यतः सारख्या रुंदीचे असतात. तुळई भिंतीला जेथे भिडते, तेथून ओळंबा सोडा. दोरीमागे खांब असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ओळंबा नसेल, तर दोरीला दगड बांधला तरी चालेल.

२. ठोकून ऐका. बोटाच्या पेराने भिंतीवर आडव्या रेषेत, चार-चार बोटांच्या अंतरावर ठोका. मातीत आवाज जिरतो; तो ‘भद्द’ येतो. पातळ लिंपणामागे लाकूड असेल, तर तो ‘टक्’ असा स्पष्ट येतो. पण सावध! सुटलेला गिलावाही वेगळा वाजतो. मग फरक कसा ओळखाल? हीच तपासणी तीन वेगवेगळ्या उंचीवर करा. गिलाव्याचा पोपडा वेडावाकडा पसरलेला असतो. खांबाच्या खुणा एकाखाली एक, उभ्या ओळीत येतात.

३. लाकडाला निरोप्या बनवा. मित्राला तुळईवर हलकेच ठोकायला सांगा आणि तुम्ही भिंतीला कान लावा. लाकडात तंतूंच्या दिशेने ध्वनी सेकंदाला तीन ते पाच हजार मीटर वेगाने जातो. हवेत तो सुमारे ३४० मीटर असतो. मात्र आवाज मोठा येतो तो वेगामुळे नव्हे. सलग लाकडात कंपने फारशी शोषली जात नाहीत. मातीच्या सुट्या कणांत घर्षणामुळे त्यांची ऊर्जा लवकर संपते. म्हणून खांबावर ठोका ठळक ऐकू येतो. आता कान हळूहळू खाली न्या. एखाद्या ठिकाणी आवाज एकदम मंदावला, तर तेथे खांब वाळवीने किंवा ओलीने पोखरला असावा अशी शंका घ्या.

४. सिमेंटच्या घरात खांब काँक्रीटचा असतो आणि आत लोखंडी सळ्या असतात. त्यांवर चार सेंटिमीटरच्या आसपास काँक्रीट व वर गिलावा असल्याने साधा लोहचुंबक फारसा ओढला जात नाही. होकायंत्र मात्र अधिक संवेदनशील असते. ते भिंतीपासून सारखे अंतर राखून सरकवा. सुई जेथे वळते, तेथे लोखंड असावे. लोखंडी नळ किंवा खिळाही सुईला फसवतो, हे विसरू नका.

एका खुणेवर कधीही विसंबू नका. ओळंबा, ठोका आणि कान या तिघांनी एकच जागा दाखवली, तरच तेथे खडूने खूण करा. ही तपासणी भिंतीला धक्का न लावता करायची आहे. फोडतोड करण्यापूर्वी जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवणे आवश्यक आहे.

करून पहा: तुमच्या घराचा किंवा शाळेचा आराखडा काढा आणि सापडलेल्या खांबांमधील अंतरे मोजून लिहा. ती सारखी आहेत का? एखादे अंतर दुप्पट आले, तर मधला खांब खरोखरच नाही की तुमच्या कानाला तो सापडला नाही, हे कसे ठरवाल?