अर्थ बिघडला की अनर्थ!

होस्टेलच्या अर्थिंगसाठी खड्डा खणून प्लेट पुरतात, कोळसा-मीठ घालतात. मग चार रबरी टायरवर उभ्या गाडीला 'अर्थ' कसला? गाडीत अर्थ म्हणजे जमीन नव्हे. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट दिव्यातून जाऊन बॉडीच्या पत्र्यातून मायनसकडे परततो. हा परतीचा रस्ता म्हणजे बॉडी अर्थ.

छत्रपती संभाजीनगरात आमच्याकडे 1998 ची मारुती 800 आहे. सकाळी स्टार्टर नुसता 'कट् कट्' करायचा. रात्री दौलताबाद घाटात हेडलाइट इतके पिवळे, की वळण दिसेना. जो तो म्हणे, बॅटरी बदला. मी आधी मल्टिमीटर लावला.

ओहम रेंजवर विसंबू नका. साधं मीटर 0.1 ओहमच्या खालचं दाखवत नाही. स्टार्टर मात्र शंभरेक अँपिअर ओढतो. म्हणजे 0.01 ओहमच्या गंजातही 1 व्होल्ट वाटेतच खलास! म्हणून लोड चालू असतानाच व्होल्टेज ड्रॉप मोजायचा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटर डीसी 2 व्होल्टवर. काळं टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे), लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. मित्राला स्टार्टर मारायला सांगा. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत ठीक. आमचं रीडिंग 1.1! टोक एकेक जोडावर सरकवत गेलो, तर दोष अर्थ केबलच्या बोल्टखालच्या गंजात निघाला. हेडलाइट लावून त्यांच्या अर्थ पॉइंटवरही तसंच मोजलं, तिथे 0.8.

हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. 12 चे 11 व्होल्ट झाले, की चौथा हिस्सा प्रकाश गेलाच.

दुरुस्ती सोपी आहे. आधी बॅटरीचा मायनस काढा. बोल्ट खोलून लग आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा. खालचा रंगही खरवडा. स्टार वॉशर घालून घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा. केबलच्या तारा हिरव्या पडल्या असतील, तर तेवढ्याच किंवा जास्त जाडीची केबल टाका. मायनस शेवटी जोडा. आमचं रीडिंग 0.15 वर आलं. बॅटरी जुनीच आहे.

आणि हो, इंजिनचा अर्थ पुरता तुटला, तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जळू शकते. तेव्हा नव्या बॅटरीसाठी खिशात हात घालण्याआधी हे दोन मिनिटांचं माप घ्याच!